अंगठ्याआधी अक्षर



वाचक माउली, आपल्या संतांना हिशेबाची भाषा कधी परकी वाटली नाही. सावतोबांच्या वाणीत मळा आला, गोरोबांच्या वाणीत मडके आले, तसे दुकान चालवणाऱ्या तुकोबारायांच्या वाणीत भांडवल, लाभ, माप हे शब्द आपसूक आले. आपण टाळ हातात घेऊन ते गातो आणि त्यांचा परमार्थातला अर्थ सांगतो. तो सांगावाच. पण त्याच शब्दांचा प्रपंचातला अर्थ मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. इतिहास पाहिला तर असे दिसते की याच अडाणीपणापायी आपल्या भागातली हजारो घरे बुडाली. म्हणून या महिन्यात कर्जाच्या शब्दांचे थोडे निरूपण करावे असे मनात आले.

आधी दोन शब्द निराळे करू. एक 'ऋण' आणि दुसरा 'कर्ज'. शास्त्रांनी माणसावर तीन ऋणे सांगितली: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ही ऋणे घेऊन माणूस जन्माला येतो. त्यांवर सही नसते आणि त्यांना मुदतही नसते. 'कर्ज' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि तो आला तो कागदासह. कर्जाला मुदत असते, दर असतो, साक्षीदार असतो. ऋण भावनेने फिटते, कर्ज आकड्याने फिटते. ही दोन्ही एक समजली की घोटाळा होतो. अडचणीत पैसे देणाऱ्याचे उपकार मानावेत, पण त्याने पुढे केलेला कागद न वाचता अंगठा उठवणे म्हणजे कृतज्ञता नव्हे.

आता 'व्याज' हा शब्द पाहा. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, बहाणा, कपट. 'निर्व्याज प्रेम' आपण म्हणतो ते याच अर्थाने. पैशावरच्या वाढीला संस्कृत ग्रंथांत 'वृद्धि' किंवा 'कुसीद' असे शब्द आहेत. मराठीने मात्र त्या वाढीला व्याज म्हटले. लोकभाषेने किती अनुभवाने हा शब्द निवडला असेल, याचा विचार आपणच करावा.

जुन्या स्मृतिकारांनी या वृद्धीचे प्रकार मोठ्या बारकाईने सांगितले आहेत. नारदस्मृतीत चार येतात: कायिका, कालिका, कारिता आणि चक्रवृद्धि. कालिका म्हणजे महिन्याच्या महिन्याला द्यायचे व्याज. कारिता म्हणजे अडचणीच्या वेळी कर्जदाराने स्वतः कबूल केलेले जादा व्याज. चक्रवृद्धि म्हणजे व्याजावर व्याज; आपली 'चक्रवाढ' तिथूनच आली. बृहस्पतींनी आणखी एक नाव दिले आहे, शिखावृद्धि. म्हणजे रोजच्या रोज वाढणारे व्याज. शेंडी जशी रोज वाढते आणि डोके कापल्याशिवाय तिची वाढ थांबत नाही, तसे हे व्याज मुद्दल फेडल्याशिवाय थांबत नाही, असा त्याचा खुलासा. ग्रंथ शेकडो वर्षांपूर्वीचा, पण आजच्या थकलेल्या हप्त्यावर दिवसागणिक चढणारा आकार पाहिला की शेंडीची आठवण होते.

या वाढीला धर्मशास्त्राने एक बांधही घातला होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, म्हणजे शंभर दिले तर एका वेळी मुद्दल आणि व्याज मिळून दोनशेच्या वर मागू नये. मनुस्मृतीत हा नियम आहे आणि आपल्याकडे त्याला 'दामदुप्पट' म्हणतात. सावकाराला नफा मिळावा, पण कुळाचा निर्वंश होऊ नये, असा त्यातला विचार.

आता देहूला जाऊ. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, वाण्याचा व्यापार होता, आणि लोकांकडे येणेही होते. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बसला. पुढे परमार्थाकडे वळताना त्यांनी घरातली कर्जखते बाहेर काढली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. आपण कीर्तनात हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगतो. त्यातली एक गोष्ट मात्र निसटते. पावसाअभावी पिचलेल्या कुळाला नुसते 'देऊ नकोस' असे तोंडी सांगणे तुकोबांना पुरेसे वाटले नाही. खत घरात राहिले तर उद्या कोणीतरी ते काढून दारात उभा राहील, हे वाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते. कर्जाचा जीव कागदात असतो, म्हणून त्यांनी कागद पाण्यात सोडला.

तुकोबांच्या काळी सावकाराच्या हाती खत असले तरी त्याला गावात राहायचे असे. पंचांपुढे, पाटलापुढे तंटा जाई आणि कुळाची परिस्थिती पाहून निवाडा होई. १८१८ साली पेशवाई गेली आणि हळूहळू रीत पालटली. रयतवारीची जमीनमोजणी आणि आकारणी आली. तिचा नवा प्रयोग इंदापूर तालुक्यात झाला, जिथे आज तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. सारा रोख आणि ठरल्या वेळी भरायचा, म्हणून शेतकरी सावकाराकडे जाऊ लागला. तंटा पडला तर आता तो दिवाणी कोर्टात जाई आणि कोर्ट पाही ते फक्त कागद. कागदावर कोणता आकडा आहे आणि खाली कोणाची निशाणी आहे, एवढेच. हा आकडा कसा झाला, हे विचारायची सोय नव्हती.

१८५९ साली सरकारने कायदा केला की कर्जाचे खत तीनच वर्षे चालेल. हेतू चांगला होता; जुनी व्याजे साचत जाऊ नयेत. पण झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवे खत लिहून घेई. मागचे मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज यांची बेरीज नव्या खतात 'मुद्दल' म्हणून बसे. हा एक शब्द, माउली, नीट लक्षात घ्या. काल जे व्याज होते ते आज मुद्दल झाले, आणि उद्यापासून त्यावरही व्याज सुरू झाले.

हिशेब करून पाहू. शंभर रुपये, शेकडा दरमहा दोन रुपये व्याज. वर्षाचे चोवीस, तीन वर्षांचे बहात्तर. साधे व्याज असते तर बारा वर्षांनी व्याज आणि मुद्दल मिळून ३८८ रुपये झाले असते. पण दर तीन वर्षांनी खत नवे केले तर पहिल्या खताअखेर १७२, दुसऱ्याअखेर सुमारे २९६, तिसऱ्याअखेर सुमारे ५०९ आणि बारा वर्षांनी सुमारे ८७५ होतात. दर तोच, हातात घेतलेले शंभरही तेच. वाढली फक्त खते. दामदुप्पटीचा बांध दोनशेवर होता, तो या युक्तीने केव्हाच ओलांडला गेला. सरकारने पुढे जी चौकशी केली, तीत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचेही उदाहरण नोंदले आहे.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस विलायतेला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल तेवढे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला, देणे बंद झाले आणि वसुली सुरू झाली. त्यातच सरकारने साराही वाढवला. शेवटी १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता बारामती तालुक्यात आहे; देहूच्या पालखीच्या वाटेपासून फार लांब नाही. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पोहोचले. जमावाने मागणी केली ती खतांची आणि खतावण्यांची. ती मिळाली की चौकात होळी करायची. जिथे ती मिळाली नाहीत तिथे घरे जळली. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

हिंसा आणि जाळपोळ यांचे समर्थन वारकऱ्याने करू नये, आणि मीही करत नाही. पण त्या लोकांना कळलेली गोष्ट तुकोबांना कळली होती तीच: कर्जाचा जीव कागदात आहे. धनको असलेल्या तुकोबांनी तो दयेने पाण्यात सोडला, ऋणको असलेल्या शेतकऱ्यांनी संतापाने जाळला. तिसरी वाट मात्र त्या शेतकऱ्यांना मोकळी नव्हती. ती म्हणजे कागद वाचण्याची.

दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या वारीच्याच मुलखात. त्यातल्या तरतुदी आजही शिकण्यासारख्या आहेत. कोर्टाने खतामागे जाऊन मूळ रक्कम किती होती हे पाहावे. खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहावे. पैसे भरले की कुळाला पावती मिळावी. हिशेबाचा उतारा मागितला तर सावकाराने द्यावा. माउली, एका अर्थी हा कायदा न वाचता आलेल्या माणसासाठी वाचून दाखवणारा होता.

आज तुम्हाला अक्षर येते आणि घरात शिकलेली मुले आहेत. पण कागद मोबाइलमध्ये शिरला आहे आणि अंगठा अजून उठतोच, शाईऐवजी काचेवर. पन्नास वर्षे गावोगाव कीर्तनाला उभा राहिलो. काला झाला, प्रसाद झाला की कोणी ना कोणी हळूच पिशवीतून कर्जाचा कागद काढून 'महाराज, हे काय लिहिलंय?' असे विचारी. त्या प्रश्नांत फिरून फिरून जे शब्द येत ते सांगतो.

पहिला 'फ्लॅट दर'. समजा एक लाख रुपये बारा महिन्यांसाठी घेतले आणि दर सांगितला १२ टक्के फ्लॅट. म्हणजे पूर्ण लाखावर वर्षभराचे १२,००० व्याज आणि महिन्याला ९,३३३ रुपये हप्ता. पण तुम्ही दरमहा मुद्दलही फेडत आहात. सहा महिन्यांनी तुमच्याकडे लाख उरलेलेच नसतात. घटत्या शिल्लकेवर तोच १२ टक्के दर लावला तर हप्ता सुमारे ८,८८५ आणि व्याज सुमारे ६,६२० होते. बोलायला दर एकच, देण्यात जवळजवळ दुप्पट फरक. म्हणून 'दर किती?' एवढेच विचारून थांबू नका, 'कशावर?' हेही विचारा. तसेच 'शेकडा तीन' ऐकून थोडे वाटते, पण ते महिन्याचे असतात. वर्षाचे छत्तीस होतात.

दुसरा 'प्रक्रिया शुल्क'. पन्नास हजारांचे कर्ज मंजूर झाले, दोन हजार शुल्क आणि दीड हजार विम्याचे कापून हातात साडेशेहेचाळीस आले, व्याज मात्र पन्नासावर. जुन्या सावकारीत अशा आधीच कापून घेतलेल्या रकमेला 'मनोती' म्हणत. नाव बदलले, कात्री तीच. सगळी शुल्के धरून खरा वर्षाचा दर किती पडतो, त्याला 'वार्षिक टक्केवारी दर' म्हणतात. बँकेच्या कागदावर तो 'एपीआर' या तीन अक्षरांत असतो. दोन कर्जांची तुलना करायची तर याच आकड्याने करावी.

तिसरा क्रेडिट कार्डावरची 'किमान देय रक्कम'. बिल वीस हजारांचे आणि किमान रक्कम हजाराची असली की माणसाला वाटते हजारात सुटलो. हजार भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. उरलेल्या एकोणीस हजारांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज असेल तर महिन्याला ६६५ रुपये झाले. शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. १८५९ नंतर खत तीन वर्षांनी नवे होई; इथे ते दर महिन्याला नवे होते.

चौथा 'जामीन'. या शब्दापायी भावकी तुटलेली मी पाहिली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने जामीन तीन प्रकारचे सांगितले: कर्जदाराला हजर करण्याचा, त्याच्या विश्वासूपणाचा आणि प्रत्यक्ष पैसे देण्याचा. तिसऱ्या प्रकारात जामीनदाराच्या मुलांवरही देणे येई. आज १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही कर, बाकी मी पाहतो' असे मेहुणा म्हणाला तरी बँक तसे म्हणत नाही. गटकर्ज घेणाऱ्या आयाबहिणींनीही हे ध्यानात ठेवावे. एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्यांकडे मागणी येते. जामीन व्हायचेच असेल तर तेवढी रक्कम आपणच देणार आहोत असे समजून व्हावे, आणि तेवढी ऐपत नसेल तर हात जोडून नाही म्हणावे.

पाचवा 'फारखती'. कर्ज फिटल्याचा लेख म्हणजे फारखती. आता त्याला 'नो ड्यूज' दाखला म्हणतात. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे नाही. दाखला घ्यावा, गहाण ठेवलेली कागदपत्रे परत घ्यावीत, सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्यावा. आणि 'सेटलमेंट' म्हणजे फारखती नव्हे. तडजोडीने कमी रकमेत खाते मिटवले तर सिबिलसारख्या पतनोंदीत 'तडजोड झाली' अशीच नोंद राहते. ही पतनोंद ३०० ते ९०० या गुणांत मोजतात आणि पुढचे कर्ज देताना तीच पाहतात.

पावतीचे महत्त्व आपल्या परंपरेने फार सुंदर सांगितले आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली. त्या धान्याची रक्कम भरायला पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत देवाने रक्कम मोजून दिली आणि पावतीही घेतली! वैकुंठनायकाला पावती घेण्यात कमीपणा वाटला नाही. मग हप्ता भरून पावती न घेता उठणारे आपण कोण?

आता तुमच्या बाजूने कायदा काय म्हणतो तेही ऐका. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वैयक्तिक मुदतकर्ज देताना बँकेने आणि वित्तसंस्थेने मुख्य बाबींचा तक्ता द्यायचा आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर आणि सारी शुल्के असतात, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. तुम्ही मराठीत मागू शकता. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जात मन बदलले तर ठरलेल्या अवधीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. गावच्या खासगी सावकारालाही २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे, आणि त्या व्यवहारात जमीन बळकावली गेली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते.

शेवटी मनातली एक गोष्ट. थकलेल्या कर्जापायी आपल्या शेतकरी भावांनी जीव दिल्याच्या बातम्या वाचतो तेव्हा पोथीवर नजर ठरत नाही. पाऊस न पडणे हा गुन्हा नाही, आणि हप्ता थकणे हे पाप नाही. तुकोबांचाही व्यापार बसला होता, घरात दिवाळे निघाले होते. पण म्हणून देहूच्या त्या वाण्याची किंमत कमी झाली नाही. कर्ज हा आकडा आहे, तुमचे मोल नव्हे. थकले तर लपू नका. बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, हप्ता कमी करून मागा. घरात सांगा, दिंडीतल्या माणसांना सांगा. आणि ज्यांचे बरे चालले आहे त्यांनी गळ्यातल्या माळेला स्मरून शेजाऱ्याची विचारपूस करावी. लग्नातल्या मांडवाची बरोबरी करायला त्याला भाग पाडू नये.

एकनाथ महाराज देवगडावर जनार्दनस्वामींचा हिशेब पाहत असता एका पैचा मेळ लागेना, म्हणून रात्रभर जागले, आणि तो लागला तेव्हा आनंदाने टाळ्या पिटू लागले, ही कथा प्रसिद्ध आहे. जो एका पैसाठी इतका एकाग्र होतो तो भगवंतासाठी किती होईल, हे स्वामींनी ओळखले. म्हणजे हिशेब पाहणे हे भक्तीच्या आड येत नाही. उद्या कर्जाचा कागद समोर आला तर दिवा थोडा मोठा करा, चष्मा लावा, मुलाला किंवा नातीला जवळ बसवा आणि शब्द न् शब्द वाचून घ्या. मुद्दल किती, दर कशावर, शुल्क किती, जामीन कोण, पावती कुठे, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की मगच अंगठा पुढे करा. आणि उत्तरे मिळाली नाहीत, तर कागद तसाच परत करून घरची वाट धरा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!